मौजे बेटाची मोजणी

आमचे घरमालक व्हिडिओ गेममध्ये शिरून जमीन मोजायचे. खेळायचे नाहीत, मोजायचे. हे मी पहिल्यांदा कंपनीत सांगितलं तेव्हा सगळे हसले आणि मीही हसले. तळवलीत राहायला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. पुढे या मोजणीवर मी स्वतः पंच म्हणून सह्या करणार आहे असं कुणी सांगितलं असतं, तर त्याला मी वेड्यात काढलं असतं.

मी मूळची बार्शीची. नवी मुंबईत पावण्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली, पहिली शिफ्ट, साडेतीनला घरी. तळवली गावठाणात या घरमालकांची चार मजली चिंचोळी इमारत, तिसऱ्या मजल्यावर माझी खोली. ते सरकारी मोजणी खात्यातून रिटायर झालेले. हयातभर लोकांच्या शेतांच्या हद्दी ठरवल्या. गावात त्यांना सगळे 'सर्वेअर' म्हणायचे. मी त्यांना काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला मावशी. काका आणि मावशी हे नवराबायको कसे, असा प्रश्न आम्हा तिघांनाही कधी पडला नाही.

गेमचा कॉम्प्युटर नातवाचा. तो पुण्याला शिकायला गेला आणि जाताना आजोबांना सांगून गेला, "रोज एकदा आत जाऊन या, नायतर माजा माणूस काढून टाकतात." काकांनी ते फार मनावर घेतलं. रोज आत जायचं म्हणजे वहिवाट ठेवायची, आणि वहिवाट तुटली की जमीन गेली, हे त्यांनी नोकरीत शेकडो वेळा पाहिलं होतं. म्हणून ते रोज आत जायला लागले. आणि आत गेल्यावर चाळीस वर्षांच्या सवयीने आधी इकडेतिकडे बघून म्हणाले, "जागा चांगली हाय. पन किती हाय?"

गेम एका मोठ्या बेटाचा होता. राजवाडा, देऊळ, डोंगर, गुहा, राक्षस. जगभरची पोरं एकाच वेळी आत यायची, तलवारी घेऊन राक्षस मारायची, मोहिमा पुऱ्या करायची. गेमचं इंग्रजी नाव काकांच्या जिभेवर कधी बसलं नाही, म्हणून कागदावर त्यांनी त्याला नाव दिलं 'मौजे बेट'. दोन वर्षं त्यांनी आत एक मुंगीसुद्धा मारली नाही. नातवाच्या त्या धिप्पाड योद्ध्याला ते सावकाश चालवायचे आणि त्याची पावलं मोजायचे. शंभर झाली की टिपणवहीत एक रेघ, मग ग्राफ पेपर, मग टूएच पेन्सिल, मग पक्का नकाशा. नकाशांच्या गुंडाळ्या ते प्लंबरकडून आणलेल्या पाइपच्या तुकड्यांत ठेवायचे. मावशी त्या पाइपांवर ओल्या पिशव्या वाळत घालायच्या आणि त्यावरून रोज भांडण व्हायचं.

मोजणी दहा वाजता सुरू व्हायची. दीड ते दोन जेवण. पावणेसहाला बंद, मग पाऊल कुठेही असो. रविवार, दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, त्या दिवशी नुसतं आत जाऊन बाहेर यायचं. गेममध्ये मध्येच रात्र पडायची, तेव्हा काका हात मागे घ्यायचे आणि चहा मागवायचे. म्हटलं, "काका, दिसतंय की सगळं, चंद्र आहे ना!" तर म्हणाले, "अंधारात मोजनी करीत नाय. उद्या कोनी कोर्टात इचारलं तर?" मौजे बेटाच्या कोर्टात कोण काय विचारणार होतं देव जाणे, पण मग आम्ही दोघं पंधरा मिनिटं चहा पीत त्या गेममधला सूर्य उगवायची वाट बघायचो. लॅबमधून डोकं उठवून आलेलं असायचं, आणि तिथे बसलं की बरं वाटायचं. रोज जायला लागले त्याचं खरं कारण हेच. पुढे मी माझ्या फोनवरूनही गेममध्ये एक बाई आत आणली, पण ती देवळाच्या पायरीवर नुसती बसून असायची.

हद्दीला दगड लागतात. गेममध्ये दगड उचलता येत नव्हते, भोपळे येत होते. काकांनी गेममधल्या बाजारातून साठ भोपळे घेतले आणि कोपऱ्याकोपऱ्यावर ठेवायला सुरुवात केली. बाकीची पोरं येता-जाता ते उचलून खायची, कारण भोपळा खाल्ला की त्यांची ताकद वाढायची. काकांचा जळफळाट व्हायचा. "लिही गो पोरी! हद्दीची निशानी हलवनं गुन्हा हाय! लिही!" मी ते मोडक्यातोडक्या हिंदीत टाइप करायचे. तिकडून उत्तर यायचं, "अंकल, पागल हो क्या?" मी ते वाचून दाखवायचे नाही. "सॉरी म्हणतोय," असं सांगायचे. पण हळूहळू खरोखरच भोपळे जागेवर राहायला लागले. पोरं त्यांना 'भोपळा अंकल' म्हणायची आणि लांबून वळसा घालून जायची.

मोजणी करायच्या आधी शेजारपाजाऱ्यांना नोटीस द्यायची असते, ती काका द्यायचे. राजवाड्याच्या दारात दोन पहारेकरी होते, गेमनेच उभे केलेले, त्यांना बोटाने टोचलं तरी "राजा चिरायू होवो" याच अर्थाचं एक इंग्रजी वाक्य बोलणारे. काकांनी त्यांनाही नोटीस वाचून दाखवली. "हरकत नाय असं समजू," म्हणाले.

त्या राजवाड्यानेच त्यांना आठ दिवस जेवू दिलं नाही. बाहेरून भिंत भरली चाळीस पावलं. आतून दालनं धरून भरली एक्कावन्न. काकांना वाटलं आपलं चुकलं. पुन्हा मोजलं, पुन्हा एक्कावन्न. मावशींनी भाकरी आणि बोंबलाची चटणी समोर ठेवली तरी यांचं लक्ष भिंतीकडे. मी म्हटलं, "अहो, गेम बनवणाऱ्यांनी आत जागा हवी म्हणून वाढवलं असेल, कोण मोजायला जातंय?" त्यावर काका खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "म्हंजे अनधिकृत बांधकाम! राजाने केलेलं!" दिवसभर ते गावात ज्याला त्याला सांगत सुटले. आपल्या गल्लीत कोणी किती गॅलरी पुढे काढलीय ते गेली वीस वर्षं सांगून कोणी ऐकलं नव्हतं, पण या राजाची गोष्ट लोकांनी हसत हसत ऐकून घेतली.

माझ्या सहीवरून मात्र ते मला फार बोलायचे. प्रत्येक नकाशाखाली दोन पंचांच्या सह्या लागायच्या, एक मावशींची, एक माझी. मी कंटाळून एक वेलांटी मारून द्यायचे. "हे काय गो? गांडूल काडलास? पूर्ण नाव लिही, बापाचं, आडनावासकट. अर्धी सही करनारा पंच मागून बोलतो, मी नवतोच तिथं." मी हो हो म्हणायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा गांडूळ. मावशी मात्र जीभ दातात धरून, एकेक अक्षर कोरून सही करायच्या आणि वर म्हणायच्या, "येडा झाला हाय यो मानूस. दे हिकडं, कुटं करू?"

एकदा नातवाचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला. काकांनी उत्साहाने सांगितलं, की योद्ध्याच्या अंगावरचं चिलखत काढून टाकलंय, कारण वजनाने पाऊल आखूड पडतं आणि माप चुकतं. आणि तलवार? तलवार एका नव्या पोराला दिली, बिचारा हद्दीवर रिकाम्या हाताने उभा होता. पलीकडून अशी किंचाळी आली की मावशी स्वयंपाकघरातून पळत आल्या. "आजोबा! ती तलवार मिळवायला मला आख्खी दहावी गेली!" काका शांतपणे म्हणाले, "तरीच मार्क कमी पडले." मग नातू म्हणाला की जाऊ दे, मी तो गेम केव्हाच सोडलाय, तुम्हीपण सोडा, मला वाटलं तुम्ही विसरला असाल. काका म्हणाले, "तू सांगितलं व्हतंस ना जागा धरून ठेव. मी धरलेली हाय." आणि फोन ठेवून पुन्हा पावलं मोजायला लागले.

काका खरोखर चिडलेले मी एकदाच पाहिले आणि त्याला कारण मी. बेटाचा उत्तर किनारा खडकाळ, तिथे योद्धा सारखा घसरायचा आणि मोजणी पुन्हा करावी लागायची. चौथ्यांदा घसरल्यावर मी म्हटलं, "काका, लिहा ना अंदाजे तीनशे. कोण बघतंय?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "परत बोलू नको तो शब्द," म्हणाले. एवढंच. मग उठून मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चप्पल घालायला लागले तर मावशींनी हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि सांगितलं.

नवी मुंबई वसवायला सरकारने इथल्या जमिनी घ्यायचं ठरवलं तेव्हा काका नुकतेच खात्यात चिकटले होते, मोजणीची साखळी धरायला. तळवलीचीच जमीन मोजायला पथक आलं, त्यात हे. शेतं मोजून झाली, शेवटी खाडीकडची खाजणाची, खाऱ्या पाण्यालगतची एक पट्टी राहिली. ती यांच्याच आईची. ती बाई त्या पट्टीत भात लावायची, बांध फुटला की स्वतः चिखलात उतरून बांधायची. पथक पोचलं तेव्हा भरती आलेली, पट्टीत गुडघाभर पाणी. साहेब बांधावरूनच म्हणाले, "अंदाजे लिही." काकांनी लिहिलं. नवी नोकरी, काय बोलणार? घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने वळून फक्त विचारलं, "माजं शेत अंदाजे हाय का रं?"

"पुना कदी नाय बोलली ती त्यावर," मावशी म्हणाल्या. "पन हा मानूस त्या दिसापासून असा हाय. भाजीवाल्याला पन अंदाजे घाल म्हनू देत नाय."

मी बाहेर आले तेव्हा काका परत खुर्चीत बसले होते. योद्धा खडकावर. मी वही ओढली आणि म्हटलं, "चला काका, पहिल्यापासून." त्यांनी मावशींना ओरडून सांगितलं, "पोरीला च्या दे गो, साखर जास्त."

आणि मग ती बातमी आली. गेमवाल्या कंपनीने स्क्रीनवरच लिहिलं की महिन्याभराने हा गेम कायमचा बंद होणार, बेट राहणार नाही. मी ते काकांना मराठीत सांगितलं. मला वाटलं, आता हातपाय गाळतात. पण त्यांनी कॅलेंडर काढलं आणि सुट्ट्या वगळून दिवस मोजले. "नोटीस रीतसर दिली हाय. बरं झालं," म्हणाले. "दक्षिन राहिलीय."

दक्षिण म्हणजे दलदल. बेटाचा तेवढाच भाग मोजायचा राहिला होता. चिखल, लव्हाळी आणि मगरीसारखे राक्षस. चिलखत नाही, तलवार नाही, असा आमचा योद्धा आत चार पावलं गेला की मरायचा, आणि मेला की थेट बेटाच्या मध्यावरच्या देवळात परत जिवंत व्हायचा. मोजणी फुकट. पहिल्या आठवड्यात काका एकोणीस वेळा मेले. मावशी हिशेबाने ओरडायच्या, "परत मेला काय?" आणि काका ओरडायचे, "मेलो!" मला हसूही येई आणि काळजीही वाटे. कारण काका काय करणार हे मला दिसत होतं. दलदल नाही मोजली गेली तर शेवटच्या नकाशावर एकतर कोरी जागा सोडायची, नाहीतर तो शब्द लिहायचा. आणि तो शब्द त्यांच्या हातून पुन्हा लिहिला गेला असता, तर मला वाटतं काकांनी पेन्सिल परत धरली नसती.

एके दिवशी ते म्हणाले, "अर्ज लिही. बंदोबस्त पायजे."

गावाकडे हद्दीवरून मारामारीची भीती असली की पोलीस बोलावून त्यांच्या पहाऱ्यात मोजणी करतात. काकांनी तसाच अर्ज सांगितला. "सदर क्षेत्रात राक्षसांचा उपद्रव असल्याने मोजनीकामी बंदोबस्त मिळावा, ही विनंती." मी तो हिंदीत करून गेममध्ये सगळ्यांना दिसेल असा टाकला, तिसऱ्या शनिवारची तारीख आणि सकाळी दहाची वेळ घालून. खाली मी माझ्या मनाने जोडलं, 'भोपळा अंकल को आप लोगों की ज़रूरत है.' हे काकांना सांगितलं नाही.

शनिवारी कंपनीत अंगात कणकण आहे अशी थाप मारून मी सुट्टी टाकली. दहाला पाच कमी असताना दलदलीच्या तोंडाशी कोणी नव्हतं. काका घड्याळ बघत होते. मग एकजण आला. त्याच्या हातात नातवाची तलवार होती. "अंकल, रिपोर्टिंग," त्याने लिहिलं. त्याच्या मागून आणखी, मग आणखी. चौदाजण झाले. ज्यांनी भोपळे खाल्ले होते ते, ज्यांनी पागल म्हटलं होतं ते. त्यांनी काकांच्या योद्ध्याभोवती गोल केला. मोजणी सुरू झाली.

असं काही मी आयुष्यात पाहिलं नाही. चारी बाजूंनी राक्षस झेप घेताहेत, तलवारी चालल्यात, आगीचे गोळे उडताहेत, आणि मधोमध एक उघडाबंब माणूस एकेक पाऊल टाकत चाललाय. काका पुटपुटत होते, "दोनशे एक, दोनशे दोन." मी शंभराला रेघ मारत होते. दीड वाजला तरी जेवायला उठले नाहीत, तेव्हाच मला कळलं आज काही वेगळं आहे. दोन हजार तीनशेच्या पुढे होतो, हद्द संपत आली होती, तेवढ्यात मावशींनी दारातून विचारलं, "अवो, वाढू का?"

काका थांबले. ओठ हलले आणि थांबले. "गेलं," म्हणाले. "आकडा गेला."

वहीत शंभराच्या रेघा होत्या, पण शेवटची रेघ मारली ती जागा कुठली, याची चिखलात काही खूण नव्हती. माझ्या जिभेवर आलं होतं, दोन-चार पावलांनी काय बिघडतंय. मी ते गिळलं. तिकडे चौदा पोरं चार तास लढत होती, दोघं तर मरून परत धावत आली होती. काका माझ्याकडे बघत होते आणि मला कळत होतं की ते मला सांगायला धजत नाहीयेत. मी टाइप केलं, 'गिनती चूक गई. फिर शुरू से करनी पड़ेगी.'

मग तलवारवाल्याने लिहिलं, "ओके अंकल. सब लोग पीछे चलो."

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? मावशी पुढे आल्या, त्यांनी पंखा सोडून घरातलं वाजणारं सगळं बंद केलं, फोन, मिक्सर, दाराची बेल, आणि मग स्टूल घेऊन दारात बसून राहिल्या. दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू पाण्याची तक्रार घेऊन आले तर त्यांना खुणेने हाकललं. पाच वाजून चाळीस मिनिटांनी काकांचा योद्धा निघाला होता त्याच भोपळ्याशी येऊन पोचला. काकांनी आकडेमोड केली. कागदावर सुरुवात आणि शेवट यांचा सांधा एका पावलाने चुकत होता.

"येवढी चूक नियमात बसते," काका म्हणाले आणि चष्मा काढून धोतराने पुसत बसले. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "पोरांना सांग, बंदोबस्त चोख व्हता."

गेम बंद झाला तो शुक्रवारी, सकाळी साडेअकराला. माझी आठवड्याची सुट्टी. सगळी पोरं देवळापाशी जमली होती, नाचत होती, फटाके उडवत होती. काकांनी मला लिहायला लावलं की मौजे बेटाची मोजणी पूर्ण झाली आहे, नकाशाच्या प्रती फोनवर मिळतील. जो पोरगा बेटावर जिथे उभा राहून वेळ घालवायचा, तेवढ्या तुकड्याला काकांनी वेगळा नंबर देऊन धारकाच्या रकान्यात त्याचं गेममधलं नाव घातलं होतं. तलवारवाल्याला हद्दीवरचा तो कोपरा मिळाला, जिथे तो पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने उभा होता. मला देवळाची पायरी. "तू तिथंच बसून असायचीस," काका म्हणाले. त्यांचं खरं होतं.

मग स्क्रीन काळी झाली. काकांनी घड्याळ पाहिलं. "अकरा बत्तीस. दोन मिंटं जादा दिली," म्हणाले, आणि कॉम्प्युटरवर मावशींनी शिवलेलं कापड घातलं. चेहऱ्यावर दुःख वगैरे काही नव्हतं. काम उरकून घरी आलेल्या माणसासारखे ते पाय लांब करून बसले आणि मावशींना म्हणाले, आज कोलंबी कर.

थोड्या वेळाने त्यांनी एक पाइप आणला. शेवटचा नकाशा, दलदलीचा. सह्या राहिल्या होत्या. आधी मावशींनी घेतला, सही करायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. मी डोकावले. क्षेत्राच्या रकान्यात आकडा, शेवटच्या पावलापर्यंत. शेऱ्यात लिहिलं होतं, 'समक्ष मोजले.' आणि धारकाच्या रकान्यात, बेटावर कधी पाय न ठेवलेल्या, वारून तीस वर्षं झालेल्या एका बाईचं पूर्ण नाव.

"सासूबाय," मावशी हळूच म्हणाल्या. काका खिडकीबाहेर बघत होते.

मावशींनी एकेक अक्षर कोरून सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. मी टेबलावर नीट बसले. माझं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, आडनाव लिहिलं.